अठराव्या रस्त्यावरून सव्विसाव्या रस्त्याकडे : शिकागोतल्या लॅटिनो वस्त्या कशा वसल्या, कशा हलल्या

शिकागोच्या पिंक लाइनवर अठराव्या रस्त्याचं स्टेशन आहे. गाडीतून उतरून जिन्याकडे वळलं की पायऱ्यांच्या उभ्या फळ्यांवरसुद्धा चित्रं दिसतात. भिंती, जिने, कोपरे, सगळं रंगवलेलं. रस्त्यावर आलं की पाट्या स्पॅनिश : पानादेरिया म्हणजे बेकरी, कार्निसेरिया म्हणजे खाटकाचं दुकान. बेकरीत गिऱ्हाईक हातात ताट आणि चिमटा घेऊन फिरतं आणि गोड पाव स्वतःच उचलतं. तिथून जवळच ऑलपोर्ट स्ट्रीटवर 1892 साली बांधलेली थालिया हॉलची दगडी इमारत आहे, ती चेक लोकांनी उभारलेली. त्याच रस्त्यावरच्या चर्चला प्रोकोपियस या चेक संताचं नाव आहे आणि आत पूजा मेक्सिकोच्या ग्वादालुपेच्या मातेची होते. या वस्तीचं नाव पिल्सेन. बोहेमियातल्या शहरावरून पडलेलं हे नाव वस्तीतली माणसं बदलली तरी टिकलं. इथले मेक्सिकन या भागाला ‘ला दिएसिओचो’ म्हणतात, म्हणजे नुसतंच ‘अठरा’.

अमेरिकेतल्या मोठ्या शहरात स्पॅनिश बोलणारे लोक कुठे राहतात आणि तिथेच का राहतात, या प्रश्नाचं एक तयार उत्तर असतं : माणसाला आपल्या माणसांत राहायला आवडतं. हे खोटं नाही, पण त्यावर थांबलं तर शिकागोचा निम्मा इतिहास दृष्टीआड होतो. गेल्या शंभर वर्षांत इथल्या लॅटिनोंनी ज्या ज्या जागी बिऱ्हाड मांडलं, त्यातल्या बऱ्याच जागी त्यांना कुठून तरी उठवल्यामुळे यावं लागलं होतं. त्यांच्या वस्त्यांचा नकाशा मला म्हणूनच विस्थापनाचा नकाशा वाटतो. आवडीनिवडी त्यात नंतर आल्या.

आधी आकडे. 2020 च्या जनगणनेत शिकागो शहरात सुमारे 8 लाख 20 हजार हिस्पॅनिक मोजले गेले, म्हणजे शहराच्या जवळपास 30 टक्के. कृष्णवर्णीयांना मागे टाकून ते गोऱ्यांखालोखाल शहरातला दुसरा मोठा गट झाले. चारातले जवळपास तीन मेक्सिकन वंशाचे. त्यांच्यानंतर पोर्तो रिकोचे लोक, मग इक्वेडोर, ग्वातेमाला, क्यूबा, कोलंबिया आणि अलीकडे व्हेनेझुएला. ‘हिस्पॅनिक’ हा शब्द सरकारी आहे. 1970 च्या जनगणनेत हा प्रश्न काही घरांना विचारला गेला आणि 1980 पासून सगळ्यांना. शिकागोत माणसं स्वतःला लॅटिनो म्हणतील, पण बहुतेक वेळा आपण कुठल्या राज्यातले तेच सांगतील : मिचोआकानचे, हालिस्कोचे, ग्वेरेरोचे. पोर्तो रिकोच्या माणसाचा मामला तर मुळातच वेगळा. 1917 पासून तो जन्मानेच अमेरिकेचा नागरिक आहे. त्याला व्हिसा लागत नाही आणि सीमा ओलांडावी लागत नाही. तरीही घर शोधताना त्याच्या वाट्याला मेक्सिकन माणसासारखेच अनुभव आले, हे या प्रश्नाचा विचार करताना विसरता येत नाही.

मेक्सिकन मजूर शिकागोत साधारण 1916 पासून येऊ लागले. मायदेशात क्रांतीची धामधूम होती आणि इकडे पहिल्या महायुद्धाने युरोपातून येणारा मजूर थांबवला होता. रेल्वे कंपन्यांनी टेक्सासमधून माणसं भरून आणली. 1919 च्या पोलाद संपात कारखाने चालू ठेवण्यासाठीही मेक्सिकन आणले गेले, आणि त्यामुळे आधीच्या कामगारांच्या मनात त्यांच्याविषयी आल्या दिवसापासून अढी बसली. त्यांच्या पहिल्या तीन वस्त्या कामाच्या दारातच पडल्या : रेल्वेच्या यार्डांजवळ निअर वेस्ट साइड, पोलादाच्या भट्ट्यांजवळ साउथ शिकागो आणि कत्तलखान्यांच्या मागे बॅक ऑफ द यार्ड्स. साउथ शिकागोत 1920 च्या दशकात ग्वादालुपेच्या मातेचं चर्च उभं राहिलं, शहरातलं पहिलं मेक्सिकन चर्च.

मग मंदी आली. 1930 साली शहरात सुमारे 20 हजार मेक्सिकन होते. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत शिकागो आणि शेजारच्या इंडियानातल्या पोलादाच्या गावांतून हजारो लोकांना मेक्सिकोत परत पाठवलं गेलं. काहींना तिकिटं काढून दिली, काहींना ‘मदत हवी तर देश सोडा’ अशा भाषेत सुचवलं. पाठवलेल्यांत अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे कायद्याने नागरिक असलेली मुलंही होती. दुसऱ्या महायुद्धात मजूर पुन्हा कमी पडले आणि त्याच रेल्वे कंपन्यांसाठी ब्रासेरो या सरकारी मजूर योजनेतून पुन्हा मेक्सिकन आणले गेले. बोलावणं आणि हाकलणं हा क्रम या इतिहासात सारखा येतो.

त्या काळी शिकागो विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ हे शहर प्रयोगशाळेसारखं अभ्यासत होते. अर्नेस्ट बर्जेस यांनी 1925 साली मांडलेली समकेंद्री वर्तुळांची आकृती आजही पाठ्यपुस्तकांत असते. नवा स्थलांतरित शहराच्या मध्याजवळ स्वस्त, पडक्या घरात उतरतो. पैसे जमले की बाहेरच्या वर्तुळात जातो आणि त्याच्या जागी दुसरा नवखा येतो. जर्मन, आयरिश, चेक लोकांच्या बाबतीत ही आकृती बरीच जमते. लॅटिनोंच्या बाबतीत बाहेर सरकणं दिसतं, पण त्यामागचं कारण वेगळं निघतं. पैसे जमले म्हणून बाहेर गेलेले होतेच. त्यांच्या बरोबरीने घर पाडलं म्हणून आणि भाडं वाढलं म्हणून गेलेलेही होते. नकाशावर मात्र दोन्हींची हालचाल एकसारखीच दिसते.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण विद्यापीठाचंच आहे, मात्र हे दुसरं, सरकारी. 1961 साली महापौर रिचर्ड जे. डेली यांनी इलिनॉय विद्यापीठाच्या शहरी कॅम्पससाठी निअर वेस्ट साइडमधला हॅरिसन-हॉल्स्टेडचा परिसर निवडला. तिथे इटालियन, ग्रीक आणि मेक्सिकन कुटुंबं शेजारी शेजारी राहत होती आणि स्थलांतरितांना हात देणारं जेन ॲडम्स यांचं हल हाउस तिथेच होतं. फ्लोरेन्स स्काला या बाईंच्या पुढाकाराने रहिवाशांनी मोर्चे काढले, कोर्टात गेले. काही उपयोग झाला नाही. 1965 मध्ये कॅम्पस सुरू झाला. हल हाउसच्या बहुतेक इमारती पाडल्या गेल्या आणि एक-दोन तेवढ्या स्मारक म्हणून ठेवल्या. उठवलेल्या मेक्सिकन कुटुंबांपैकी अनेक जण सोळाव्या रस्त्याचा रेल्वेचा उंच बंधारा ओलांडून दक्षिणेला गेले, जिथे चेक आणि पोलिश लोक घरं सोडून उपनगरांत चालले होते. 1970 च्या जनगणनेत पिल्सेन बहुसंख्य लॅटिनो झालेलं दिसलं. त्याच बंधाऱ्याच्या भिंतीवर आज ओळीने भित्तिचित्रं आहेत.

पोर्तो रिकोच्या लोकांची गोष्ट शहराच्या उत्तर भागात घडली आणि ती अधिक वेगाने घडली. 1946 च्या सुमारास त्यांना कंत्राटावर घरकामासाठी आणि कारखान्यांसाठी आणलं गेलं. मध्यशहराजवळच्या क्लार्क स्ट्रीटच्या आसपास त्यांची वस्ती झाली. तिथे कार्ल सँडबर्ग व्हिलेज नावाच्या उंच इमारतींसाठी जागा मोकळी केली गेली, म्हणून ते लिंकन पार्ककडे सरकले. लिंकन पार्कमध्ये शहर सुधारणेची योजना आली आणि भाडी वाढली. तेव्हा होसे ‘चा चा’ हिमेनेझ यांनी यंग लॉर्ड्स या रस्त्यावरच्या पोरांच्या टोळीचं राजकीय संघटनेत रूपांतर केलं. 1969 च्या मे महिन्यात त्यांनी मॅककॉर्मिक धर्मविद्यालय ताब्यात घेतलं आणि गरिबांच्या घरांसाठी पैसे मागितले. तसं आश्वासनही मिळालं, पण वस्ती टिकली नाही. आजचं लिंकन पार्क शहरातल्या सगळ्यात महागड्या भागांपैकी एक आहे, आणि तिथे फिरताना या साऱ्याचा मागमूस लागत नाही.

ते आणखी पश्चिमेला हम्बोल्ट पार्ककडे गेले. तिथल्या डिव्हिजन स्ट्रीटवर 12 जून 1966 रोजी पोलिसांनी एका पोर्तो रिकन तरुणाला गोळी घातली आणि तीन दिवस दंगल उसळली. त्याच रस्त्यावर 1995 साली पोलादाचे दोन प्रचंड झेंडे उभे राहिले, प्रत्येकी 59 फूट उंच, रस्त्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे कमानीसारखे फडफडणारे. या भागाला ‘पासेओ बोरिकुआ’ म्हणतात. मला हे झेंडे नुसते शोभेचे वाटत नाहीत. दोन वेळा उठवले गेलेल्या लोकांनी तिसऱ्या जागी जमिनीत रोवलेली ती खूण आहे. कापडी झेंडा गुंडाळून नेता येतो, पोलादाचा नेता येत नाही.

आता सव्विसावा रस्ता, ‘ला वेइंतिसेइस’. इथे जरा थांबायला हवं.

साउथ लॉनडेल हे या भागाचं सरकारी नाव. 1960 च्या दशकात एका जमीन दलालाने त्याला ‘लिटल व्हिलेज’ म्हणायला सुरुवात केली. हेतू साधा होता. शेजारचं नॉर्थ लॉनडेल कृष्णवर्णीय झालं होतं, मार्टिन लूथर किंग 1966 च्या जानेवारीत तिथेच भाड्याच्या घरात राहायला आले होते, आणि ‘लॉनडेल’ या नावाची साथ गोऱ्या घरमालकांना नको होती. मेक्सिकन खरेदीदार त्यांना फार आवडत होते, असं नाही. पण कृष्णवर्णीयाला विकण्यापेक्षा मेक्सिकनाला घर विकणं अनेक चेक मालकांना परवडलं. मेक्सिकन कुटुंबांसाठी दार उघडलं, ते दुसऱ्या कुणासाठी बंद ठेवता यावं म्हणून. इतिहासकार लिलिया फर्नांडेझ यांनी 2012 च्या आपल्या पुस्तकात गोऱ्या आणि काळ्यांच्या मध्ये लॅटिनोंना मिळालेल्या या अवघड जागेविषयी लिहिलं आहे. वस्तीचा अभिमान बाळगणाऱ्यांनीही ही बाजू पाहिली पाहिजे असं मला वाटतं.

पुढे त्या ‘छोट्या गावा’चं ‘ला विलिता’ झालं. सव्विसाव्या रस्त्याच्या तोंडाशी 1990 साली लालसर कौलांची, वसाहतकालीन मेक्सिकन धाटणीची कमान बांधली गेली. तिच्यावर ‘बिएनवेनिदोस’ लिहिलं आहे. कमानीतून आत गेलं की दुतर्फा दुकानं : लग्नाचे आणि मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे घेरदार झगे, काउबॉय बूट, पैसे पाठवायची दुकानं, वकील, दंतवैद्य, मक्याच्या रोट्यांचे कारखाने. या रस्त्याचा करभरणा मिशिगन ॲव्हेन्यूच्या खालोखाल असतो, असं इथले लोक आणि शहराचे नेते अभिमानाने सांगत आले आहेत. पदपथावर एलोतेरोची हातगाडी असते. तो उकडलेलं कणीस काडीला खोवतो, त्याला मेयोनीज फासतो, खारट चीजच्या भुग्यात घोळवतो, वरून तिखट आणि लिंबू. काडी नको असेल तर दाणे काढून पेल्यात देतो. या हातगाड्यांवर तयार खाणं विकायला शिकागोत 2015 पर्यंत परवानगीच नव्हती. पोलिस दंड करत, माल फेकून देत. विक्रेत्यांनी संघटना बांधली, वर्षानुवर्षं खेटे घातले, आणि त्या वर्षी नगर परिषदेने परवाना देऊ केला.

या गजबजीचा जीव वाचवायला उपयोग होतो, हे 1995 च्या जुलैमध्ये दिसलं. त्या उन्हाळ्यात शिकागोत पारा 41 अंशांवर गेला आणि आठवड्याभरात नेहमीपेक्षा 739 माणसं जास्त मेली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी दोन शेजारी वस्त्यांची तुलना केली. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल यांच्यात एकट्या राहणाऱ्या आणि गरीब म्हाताऱ्यांचं प्रमाण साधारण सारखं होतं, हवाही एकच. नॉर्थ लॉनडेलमध्ये 19 बळी गेले, लोकसंख्येने मोठ्या असलेल्या साउथ लॉनडेलमध्ये 3. त्यांचं म्हणणं असं की मेक्सिकन कुटुंबं एकमेकांना धरून असतात, एवढ्याने याचा उलगडा होत नाही. सव्विसाव्या रस्त्यावर दुकानं उघडी होती, पदपथावर माणसं होती, म्हातारी माणसं न घाबरता घराबाहेर पडून थंड दुकानात जाऊन बसू शकत होती. या वस्तीतल्या म्हाताऱ्यांपैकी बरेच जण मागे राहिलेले गोरे होते. मेक्सिकन गजबजीने त्यांनाही तारलं. नॉर्थ लॉनडेलमधून कारखाने, दुकानं आणि अर्धीअधिक वस्ती निघून गेली होती, मोकळे प्लॉट आणि भीती उरली होती. या निष्कर्षांवर पुढे वाद झाले, पण वस्ती म्हणजे नुसता घरांचा पुंजका नसतो हे इतक्या स्वच्छ दाखवणारा दुसरा अभ्यास मला माहीत नाही.

लिटल व्हिलेजला गोंडस करूनही चालणार नाही. कुक काउंटीचा प्रचंड तुरुंग याच वस्तीत आहे. कोळशावर चालणारं क्रॉफर्ड वीजकेंद्र इथेच धूर सोडत होतं. ते 2012 साली बंद झालं, त्यामागे किंबर्ली वॉसरमन आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी अनेक वर्षं दिलेला लढा होता. वस्तीला नवं हायस्कूल हवं होतं, पैसे मंजूर होऊन काम सुरू होईना, तेव्हा 2001 साली आया आणि आज्या 19 दिवस उपोषणाला बसल्या. शाळा 2005 मध्ये उघडली. आणि 2020 च्या एप्रिलमध्ये, करोनाची टाळेबंदी चालू असताना, बंद पडलेल्या वीजकेंद्राची चिमणी सुरुंग लावून पाडली गेली. धुळीचा लोट सगळ्या वस्तीवर पसरला. श्वासाच्या आजाराच्या दिवसांत लोकांनी खिडक्या लावून घेतल्या, तरी धूळ आत आलीच.

पिल्सेनचं दुखणं दुसरं आहे. तिथे 1987 साली हॅरिसन पार्कमध्ये मेक्सिकन कलेचं संग्रहालय उघडलं. ते आज देशातल्या मोठ्या लॅटिनो संग्रहालयांपैकी एक आहे आणि प्रवेश आजही फुकट आहे. भित्तिचित्रं, बेकऱ्या, संग्रहालय, मध्यशहरापासून दहा मिनिटांची रेल्वे : वस्तीने चाळीस वर्षं खपून जे उभं केलं, त्याचीच भुरळ पैसेवाल्यांना पडली. एका अभ्यासानुसार 2000 ते 2013 या काळात पिल्सेनमधून 10 हजारांहून अधिक लॅटिनो गेले. हम्बोल्ट पार्कच्या शेजारच्या लोगन स्क्वेअरमधून गेलेले त्याच्या दुपटीच्या जवळपास. 2015 साली तिथे जुन्या रेल्वेमार्गावर 606 नावाची उंचावरची सुंदर पायवाट झाली आणि तिच्या पश्चिमेकडच्या घरांच्या किमती भराभर चढल्या.

हे नेमकं कसं घडतं, ते कळायला शिकागोचं ‘टू-फ्लॅट’ घर पाहावं लागतं. विटांचं, अरुंद, दुमजली. खाली मालक, वर भाडेकरू, कधी तळघरात तिसरं बिऱ्हाड. कामगार कुटुंबाने कर्ज काढून असं घर घ्यावं, वरच्या भाड्यातून हप्ता फेडावा, पुढे वर मुलीने संसार थाटावा. पोलिश लोकांनी हेच केलं, मेक्सिकनांनीही हेच केलं. श्रीमंत खरेदीदार येतो तेव्हा दोन्ही मजले जोडून एकच मोठं घर करतो. बाहेरून भिंतीची एक वीटही हलत नाही, पण दोन-तीन कुटुंबांच्या जागी एक कुटुंब येतं. आजूबाजूच्या घरांचे मालमत्ता कर चढतात आणि ज्या मालकाने घर विकलं नाही त्याचीही दमछाक होते. शहराने 2021 मध्ये पिल्सेन आणि 606 च्या परिसरात अशा जोडकामावर निर्बंध घातले. माझ्या मते हे पाऊल योग्य होतं आणि पंधरा वर्षं उशिरा पडलं.

पिल्सेनमधली कासा आस्तलान ही इमारतही या संदर्भात आठवते. मुळात ती चेक कुटुंबांना मदत करणारी वस्तीसंस्था. 1970 च्या सुमारास मेक्सिकन तरुणांनी ती चालवायला घेतली आणि चित्रकार रे पात्लान यांनी बाहेरच्या भिंतींवर चित्रं काढली. पुढे संस्था कर्जात बुडाली, इमारत विकली गेली, आणि 2017 साली फ्लॅट बांधण्याच्या कामात ती चित्रं रंग फासून झाकली गेली. वस्ती रस्त्यावर उतरली. विकसकाने माफी मागितली आणि पात्लान यांनाच बोलावून भिंत पुन्हा रंगवून घेतली. चित्र परत आलं. इमारतीच्या आत मात्र आता फ्लॅट आहेत.

गेलेले लोक कुठे गेले? काही गेज पार्क, ब्रायटन पार्क, बेल्मॉन्ट क्रेगिन अशा शहराच्या कडेच्या भागांत, आणि फार मोठ्या संख्येने उपनगरांत. महानगरातले निम्म्याहून अधिक लॅटिनो आज शहराच्या हद्दीबाहेर राहतात. सिसेरो हे शहराला लागून असलेलं उपनगर. 1951 साली एका कृष्णवर्णीय कुटुंबाने तिथे भाड्याने घर घेतल्यावर जमावाने इमारतच फोडली होती. आज तिथले दहातले जवळपास नऊ रहिवासी लॅटिनो आहेत. बालाजीच्या देवळामुळे शिकागोच्या मराठी कुटुंबांना चांगलं माहीत असलेलं ऑरोरा चाळीस टक्क्यांहून अधिक लॅटिनो आहे. आपली बहुतेक मंडळी पदवी आणि नोकरीचं पत्र घेऊन थेट उपनगरात उतरली आणि मसाल्यांसाठी डेव्हॉन ॲव्हेन्यूला जात राहिली. ऑरोराचं मेक्सिकन कुटुंबही मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा झगा घ्यायला साठेक किलोमीटर गाडी हाकत सव्विसाव्या रस्त्यावर येतं. मात्र उपनगरात बस कमी, भाड्याची घरं कमी, आणि अडल्यावेळी स्पॅनिशमध्ये मदत करणारी संस्था शोधावी लागते.

ऑगस्ट 2022 च्या अखेरीस टेक्सासच्या गव्हर्नरांनी निर्वासितांच्या बसगाड्या शिकागोकडे धाडायला सुरुवात केली. दोन वर्षांत 50 हजारांहून अधिक माणसं आली, बहुतेक व्हेनेझुएलाची. त्यांना या शहरात जुनी वस्ती नव्हती, आधी येऊन बसलेला मावसभाऊ नव्हता. 2023 मध्ये ती पोलिस चौक्यांच्या फरशीवर झोपली. पिल्सेनमधल्या एका जुन्या गोदामातही निवारा झाला. त्यांतल्या अनेकांना कामाचा परवाना मिळाला, तेव्हा तीस वर्षं कागदांविना राबलेल्या मेक्सिकनांच्या मनाला ते लागलं. ही खंत मला क्षुद्र वाटत नाही. एवढी वर्षं रांगेत उभं राहणाऱ्याला ती वाटणारच.

आणि 2025 च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने ‘मिडवे ब्लिट्झ’ नावाची धरपकड मोहीम शिकागोत सुरू केली. लिटल व्हिलेजमध्ये इमिग्रेशनच्या गाड्या फिरू लागल्या आणि सव्विसाव्या रस्त्यावरची गिऱ्हाइकं ओसरली. जी गर्दी तीस वर्षांपूर्वी जीव वाचवत होती, त्याच गर्दीत उभं राहायची आता भीती वाटू लागली. शेजाऱ्यांनी गळ्यात शिट्ट्या अडकवल्या. संशयास्पद गाडी दिसली की एकाने फुंकायची, पुढच्या चौकातल्याने ती उचलायची. सायकलवाल्यांचे गट सकाळी लवकर निघत आणि तमाले हे मक्याचं खाणं विकणाऱ्या बाईंचा सगळा डबाच विकत घेत. तमाले गरजूंना वाटून टाकत, आणि बाई रस्त्यावर आणखी चार तास न थांबता घरी जात.